मूळ पाठात वारा नाही

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि सभागृहातला खोकला थांबला. आठवड्याच्या प्रवचनात लोक खोकतात, खुर्च्या सरकवतात, कुणाची तरी छत्री पडते. त्या बारीकसारीक आवाजांवरच त्याच्या बोलण्याचा ताल बसलेला होता, आणि तो तालच कुणी पायाखालून ओढून घेतल्यासारखं झालं. "हे कधी घडलं नाही," तो म्हणाला होता, "हे रोज घडतं." टिपणात हे नव्हतं. टिपणात होती ती गोष्ट तिथल्या प्रत्येकाला बोलता येण्याआधीपासून ठाऊक होती: आरंभीची बाग, बागेच्या भिंतीतलं एकुलतं एक दार, ते उघडू नकोस असं बजावलेली आद्यमाता, दार उघडल्याबरोबर आत शिरलेला काळ, त्याच्या पाठोपाठ आलेलं मरण, आणि शेवटी बागेच्या कर्त्याने तिच्या डोक्यावर ठेवलेला क्षमेचा हात. त्याला फक्त एक दुरुस्ती सांगायची होती. या व्यासपीठावरून वर्षानुवर्षं सांगितलं जातं की दार वाऱ्याने उघडलं. त्याच्या वडिलांनी तसं सांगितलं, आणि वडिलांनी सांगितलं म्हणून सगळ्यांनी. पण मूळ पाठात वारा नाही. तिथे ती स्वतः, आपल्या हाताने, दार उघडते. तो कॉलेजात त्या पाठाचीच जुनी भाषा शिकवायचा. ते क्रियापद भूतकाळाचं नाहीच, हे त्याने फळ्यावर पोरांना कैक वेळा दाखवलं होतं. 'उघडलं' नव्हे, 'उघडते'. आणि लोकांसमोर 'उघडते' म्हणताना त्याला स्वतःलाच असा काही आनंद झाला की पुढचं आपसूक आलं. ती बाग नकाशावर शोधू नका, म्हणाला. हा इतिहास नव्हे, रूपक आहे. हे कधी घडलं नाही, हे रोज घडतं.

तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून, त्याची थोरली बहीण बसली होती. ताई दर आठवड्याला तिथेच बसायची आणि प्रवचन संपलं की त्याच्या घशासाठी थर्मासमधलं कोमट पाणी घेऊन व्यासपीठाशी यायची. तो बोलताना तिच्याकडे मुद्दाम बघत नसे. पण आज बघितलं गेलं. 'ती स्वतः उघडते' असं तो म्हणाला तेव्हा ताईने मान वर केली होती. तिचा चेहरा त्याने इतका उघडा, इतका तरुण, कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गर्दीत आपल्याला नावाने हाक आली की माणूस जसा वळतो तशी ती वळली होती. आणि त्यानंतरचं वाक्य तिच्यापर्यंत पोचताना त्याने पाहिलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त मघाचं जे होतं ते गेलं. प्रवचन त्याने कसंबसं आटोपलं, चार माणसं भेटली, दोघांनी हात घट्ट दाबला, एका म्हाताऱ्याने तर हात पुढेच केला नाही. आणि खांबाजवळच्या खुर्चीवर थर्मास तेवढा उभा होता.

घरी आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. बायको इस्पितळातून यायची होती; ती तिथे मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची आणि घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलायची नाही. त्याने थर्मास ओट्यावर ठेवला. राहिला होता, म्हणाला. ताईने हूं केलं. तोही समोर बसून शेंगा सोलायला लागला, लहानपणी बसायचा तसा, आणि त्याला वाटलं, चला, तसं काही नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "रोज म्हणजे? ती रोज उघडते?"

"तसं नाही गं. म्हणजे आपल्यातलं प्रत्येक जण कधी ना कधी—"

"प्रत्येकाचं सोड. तिचं सांग. ती अजून उघडतेच आहे?"

त्याने क्रियापदाचं समजावून सांगितलं. त्या भाषेत एक काळ असा आहे की जो कालही नाही, आजही नाही. ताई ऐकत होती. सोललेले दाणे आणि सालं एकाच भांड्यात पडत होती हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्याने सांगितलंही नाही. घडून गेलं असतं तर संपलं तरी असतं, ती म्हणाली. मग, बरं, तिला माफ केलं ते? डोक्यावर हात ठेवला तो? तोही ठेवतोच आहे, ठेवला नाहीच? ती बाईच नव्हती तर माफ कुणाला केलं? ती हे सगळं अगदी हळू, भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारत होती, आणि त्याच्याकडे उत्तरं होती, एक सोडून तीन होती. पण कुठलंही तोंडाशी आणलं की ते वर्गातल्या धुळीसारखं कोरडं लागायचं. ताई उठली, भांडं तसंच ठेवलं आणि म्हणाली, "एका हाताने दिलंस आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलंस, बघ."

काय दिलं होतं, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. खरं तर विचारायची गरजही नव्हती. ताईची मुलगी गेली तेव्हा तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. भिंगरी म्हणायचे तिला, पाय एका जागी ठरायचे नाहीत म्हणून; शाळेत नाव घातलं होतं, जायची होती. ताई आणि तिचा नवरा तेव्हा एका रहदारीच्या रस्त्यावर, लोखंडी फाटकाच्या बैठ्या घरात राहायचे. फाटक उघडं राहिलं, पोर बाहेर गेली, आणि रस्त्यावरून माल भरलेला ट्रक येत होता. तो पोचला तेव्हा बाबा अंगणात उभे होते आणि जो येईल त्याला सांगत होते, वाऱ्याने फाटक उघडलं. पोलिसांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, जावयाला सांगितलं. जावई ऐकून घेऊन वर्षभर गप्प राहिला आणि मग दुसऱ्या शहरी नोकरीला गेला तो गेलाच. ताई माहेरी आली आणि वाऱ्याची गोष्ट घरात जी बसली ती घरातलीच एक होऊन बसली, जेवायच्या टेबलासारखी. कुणी तिच्यावर हात फिरवून पाहिला नाही. त्यानेही नाही. त्या दिवशी दुपारी तो कॉलेजच्या मैदानात वहीतले सुटे कागद गवतावर मांडून अभ्यास करत होता आणि एकही कागद हलला नव्हता, हे त्याला नेहमी आठवायचं. पण आठवण आली की तो तिला दारातूनच परत पाठवायचा.

त्या वर्षी त्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडाला होता. ज्या बागेला भिंत आहे आणि भिंतीबाहेर ट्रक, अशी बाग बांधणाऱ्याला त्याला काही विचारायचं नव्हतं. मग ग्रंथालयात एका जुन्या टीकाग्रंथात त्याला तो शब्द भेटला, रूपक, आणि बुडत्याला काठी मिळावी तसा त्याने तो धरला. गोष्ट घडलेली नसली तरी चालते. गोष्ट खोटी न ठरता नुसती खोल होत जाते. त्या शब्दावर तो पुढचं आयुष्य तरला, शिकला, बाबांच्या पश्चात त्यांच्या व्यासपीठावर उभा राहिला. आपल्याला ज्या काठीने तारलं त्याच काठीचा टोला दुसऱ्याच्या, आणि तोही ताईच्या, टाळक्यात बसू शकतो हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि आता कॉलेजात पोरांना धातू चालवून दाखवताना त्याला मध्येच आठवलं की बाबांच्या अगदी जुन्या प्रवचनांत, तो पहिल्या रांगेत पाय हलवत बसायचा तेव्हा, वारा नव्हता. आद्यमाताच दार उघडायची. तो भीतीने बाबांच्या हाताकडे बघायचा, कारण बाबा हवेत कडी काढून दाखवायचे. वारा नंतर आला. खडू हातात धरून तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मागे वर्ग कुजबुजायला लागला. कुठल्या टीकेत, कुठल्या पोथीत बाबांना हा वारा सापडला असेल, याचा शोध त्याने काही वर्षं घेतला होता. पाठभेद म्हणून त्यावर एक निबंधही लिहिला होता.

अध्यक्ष घरी आले ते दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी. सभागृहाचा कारभार बघणारा हा माणूस चष्मे विकायचा, आणि दुकानातली रीत त्याच्या बोलण्यात उतरली होती: डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि मऊ आवाजात विचारायचं, हे बरं दिसतं, की हे? सर, त्यांनी सुरुवात केली, तुमच्या विद्वत्तेबद्दल प्रश्नच नाही. लोक अस्वस्थ आहेत. काही जण म्हणतात सरांनी आरंभ खोटा ठरवला, उद्या शेवटही खोटा ठरवतील. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, रूपकही आहे आणि इतिहासही आहे. "एका 'ही'ने कुणाचं काय बिघडतं, सर?" त्याला हसू आलं, कारण उपाय खरोखरच व्याकरणाचा होता. नाहीतर, अध्यक्ष चहाचा कप बशीत अगदी आवाज न करता ठेवत म्हणाले, आम्हाला नाइलाजाने दुसरी व्यवस्था बघावी लागेल. तुमच्या वडिलांच्या जागी असं करणं आमच्या जिवावर येतं. तो विचार करून सांगतो म्हणाला. अध्यक्षांना दारापर्यंत पोचवायला उठला तर दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नव्हती.

ही गोष्ट साधी नव्हती. ताई या घरात राहायला आली तेव्हापासून कुणीही आत आलं, बाहेर गेलं, की ती मागून जाऊन कडी बघायची. पाहुणे बसलेले असोत, फोन चालू असो. जायची, बोटाने कडी दाबून बघायची, परत यायची. घरच्यांनी ते न बघायची सवय करून घेतली होती. बायको एकदाच म्हणाली होती की आमच्याकडे चोराने येऊन दाखवावं, आणि स्वतःच जीभ चावली होती. आणि आता दार लोटलेलं. त्याने कडी लावली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतला तर पुन्हा तेच. दार बोटभर उघडं, जिन्यातला उजेड आत पडलेला, आणि ताई समोर खुर्ची टाकून बसलेली, हात मांडीवर, दाराकडे बघत. कुणी यायचंय का, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. मग दार का उघडं? उघडं आहे का, ती म्हणाली, आणि उठली नाही. रात्रीच्या जेवणाला ती बसली, नेहमीइतकंच जेवली, बायकोला इस्पितळातल्या कुबड्यांवरच्या आजोबांबद्दल विचारलंसुद्धा. पण तिचं सगळं बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं येत होतं. भांडी आवरताना बायको त्याला हळूच म्हणाली, "अहो, ताईंना काय झालंय ते मला माहीत नाही. पण इस्पितळात माणसं अशी शांत झाली की आम्ही त्यांना एकटं सोडत नाही."

त्याचा जीव टांगणीला लागला. वर्ग घेताना मध्येच घरी फोन करायचा, ताईने उचलला की काहीतरी निमित्त सांगायचा, चावी राहिली का बघ, आणि ती बघून यायची, नाही म्हणायची. तिच्या चपलांचा आवाज फोनमध्ये लांब जायचा आणि परत यायचा, आणि तेवढा वेळ तो श्वास धरून असायचा. एकदा त्या दोन आवाजांच्या मध्ये फार वेळ गेला. त्याला रिसीव्हरमधून नुसता रस्ता ऐकू येत होता, हॉर्न, एक गाडी मागे घेताना होणारा टींटीं आवाज. खिडकी उघडी असणार, नाहीतर दार. ती परत आली आणि म्हणाली, "नाहीये रे चावी. सारखा काय फोन करतोस?" त्याने त्याच क्षणी ठरवलं. गेलं खड्ड्यात ते क्रियापद. एक म्हातारी होत चाललेली बाई एका गोष्टीच्या खुंटीवर लटकलेली असेल, तर खुंटी भिंतीत आहे की नाही याचा न्याय करणारा मी कोण. अध्यक्षांचा 'ही' तर म्हणायचाच, पण आधी घरात म्हणायचा. त्याने उरलेला वर्ग सोडला आणि दुपारीच घरी आला.

ताई त्याच खुर्चीत होती. तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि म्हणाला की मी पुन्हा सगळं वाचलं. जुन्या प्रती काढल्या. चूक माझीच होती. त्या काळात भूतकाळासाठीही तसंच रूप वापरायचे. तेव्हा हे घडलेलं आहे. बाग होती. ती होती. तिने दार उघडलं, आणि तिला माफ केलं गेलं, हे घडून गेलेलं आहे. बोलता बोलता त्याला ते इतकं नीट जमत गेलं की त्याचा स्वतःचाच थोडा विश्वास बसला. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती, आई मुलाचा दुखरा दात बघते तशी.

"लहानपणापासून खोटं बोलताना तुझे उच्चार फार शुद्ध होतात," ती म्हणाली.

त्याने स्टूल जरा मागे घेतलं.

"सगळे मला सांभाळतात. बाबांनी सांभाळलं. मला वारा दिला. घरात दिला, तिथे सभागृहात दिला. पुढे बसवून दिला. मी ऐकत होते ना, दर आठवड्याला. वाऱ्याने उघडलं म्हणजे तिने काहीच केलं नाही. काही केलंच नाही तर तिला माफ कशाला करायचं? मग हात कुणाच्या डोक्यावर ठेवला?" तिचा आवाज अजूनही मोठा झाला नव्हता. "मला ठाऊक होतं ग्रंथात तसं नाही. मला ती भाषा वाचता येत नाही, पण लहानपणी ऐकलंय. मी म्हणायचे, एक दिवस तू सांगशील. तू शिकलेला. घरातली गोष्ट खोटी आहे ना, तर ती तिथली तरी खरी असू दे. सांगितलंस तू त्या दिवशी. आणि लगेच म्हणालास, घडलंच नाही."

जिन्यातून कुणीतरी खाली गेलं. दार तसंच होतं, बोटभर. त्याला उठून कडी लावावीशी वाटली आणि त्याच वेळी कळलं की आता उठलो तर पुन्हा कधीच इथे बसता येणार नाही. इतकी वर्षं दारातून परत पाठवलेली ती वारा नसलेली दुपार समोर येऊन उभी होती, आणि तिला आत घ्यायचं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. ग्रंथात त्यासाठी शब्द नव्हता, टीकेतही नव्हता. त्याने जे विचारलं ते कुणीही, कधीही विचारलं नव्हतं, पोलिसांनीसुद्धा.

"ताई, काय झालं होतं त्या दिवशी?"

ताईने सांगितलं. समोरच्या घरातली तिची मैत्रीण नवीन सायकल घेऊन आली होती. फाटकाशी उभी राहून घंटी वाजवत होती. ताई चादरी वाळत घालत होती. ओली बादली तशीच सोडून गेली, फाटक उघडलं, बाहेर गेली. सायकलवर बसून पाहिलं. दोघी हसत होत्या, कारण तिचा पाय पुरत नव्हता. मैत्रीण गेली. ताई आत आली. हात ओले होते, फाटकाची कडी ताठ होती, जोर लावायला लागायचा. म्हणून नुसतं लोटलं, म्हणाली चादर टाकून येते आणि लावते. चादर टाकताना पलीकडचं दिसत नव्हतं. भिंगरी पायरीवर बसून बोटाने चिखलात काहीतरी काढत होती, ते चादरीखालून दिसायचं, नुसते पाय. मग पाय दिसले नाहीत. "वारा नव्हता," ताई म्हणाली. "चादर अगदी सरळ खाली लटकत होती. मी फाटक उघडलं, आणि मी लावलं नाही."

हे ऐकताना तो उत्तर शोधायला लागला होता, जन्माची खोड. कडी ताठ होती, ट्रकवाल्याने बघायला हवं होतं, लहान मूल म्हणजे क्षणाचा खेळ. प्रत्येक वाक्य जिभेवर आलं आणि प्रत्येकात त्याला बाबांचा आवाज ऐकू आला, अंगणात उभे राहून, येईल त्याला सांगणारा. बाबांनी ग्रंथातली ओळ बदलली ती प्रेमानेच बदलली. रूपक तेही करत होते, त्याच्याआधी, त्याच्यापेक्षा धीटपणे. आणि त्या प्रेमाखाली ही बाई इतकी वर्षं श्वास कोंडून पडलेली होती. त्याने ती सगळी वाक्यं गिळली.

"हो," तो म्हणाला. "तू उघडलंस. तू लावलं नाहीस."

ताईचं तोंड वेडंवाकडं झालं. त्याला वाटलं आपण तिला मारलं. ती पुढे वाकली, कपाळ त्याच्या गुडघ्यावर टेकलं, आणि तिच्यातून जो आवाज निघाला तो त्याने कुणा माणसाचा कधी ऐकला नव्हता. भिंगरी गेली तेव्हाही ताई अशी रडली नव्हती, तेव्हा बाबा तिला पाणी देत होते आणि वाऱ्याबद्दल बोलत होते. त्याचा हात तिच्या डोक्यावर गेला. तो आपल्याला अधिकार आहे म्हणून गेला नाही. ती कुठे माफी मागत होती, आणि तो कुठला देणारा. तिचे केस विरळ झालेले आणि गरम होते, एवढंच त्याला कळत होतं, आणि हात काढून घ्यायची भीती वाटत होती. बायको घरी आली तेव्हा ती दोघं तशीच होती. तिने दारातून एकदा बघितलं, पिशवी खाली ठेवली, आणि पहिल्यांदाच कामावरून आल्या आल्या बोलली. म्हणाली, मी चहा टाकते.

अध्यक्षांना त्याने फोन करून सांगितलं की 'ही' काही जमत नाही. मग काय म्हणणार आहात, त्यांनी विचारलं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. घडलेलं नाही असं म्हणायला आता जीभ रेटेना, आणि घडलेलं आहे असं म्हणायलाही. मग अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असल्याचं आवाजात कळत होतं, की एक तरुण वक्ता आहे, पाठांतर चांगलं आहे त्याचं. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. बाबांची जागा गेली. प्रवचनाच्या दिवशी सकाळी तो सवयीने लवकर उठून, दाढी करून, घालायचे कपडे हातात धरून पलंगावर नुसता बसला.

ताई तयार होऊन दारात उभी होती. सभागृहात जायचं म्हणत असेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "तिकडे नको. मला माझ्या त्या फाटकाच्या घराकडे ने." त्या रस्त्याने ती त्यानंतर कधी गेली नव्हती, बस तिकडून जाणारी असली तर आधीच्या थांब्यावर उतरून लांबून चालत जायची. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि त्याने बघितलं की तिने समोरच्या सीटची दांडी इतकी घट्ट धरलीय की बोटं पांढरी पडलीत. परत जाऊ या का, त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, गप्प बस रे.

रस्ता रुंद झाला होता. त्याला घर सापडेना. एका पिंपळाच्या खुणेवर तो शोधत होता आणि पिंपळ नव्हता. ताई मात्र सरळ चालत गेली आणि एका रंगाच्या दुकानापुढे थांबली. फाटक नाही, अंगण नाही. काचेचं दार, आत छतापर्यंत डब्यांच्या चळती, आणि एक बाई एका डब्यात पांढऱ्यात निळा थेंब थेंब सोडत होती. मागून एक अवजड गाडी गेली आणि काच थरथरली. ताईच्या खांद्याला त्याने धरलं, तर खांदा दगडासारखा. मग ती आत गेली.

"कुठला रंग बघताय?" बाईने विचारलं.

"रंग नको," ताई म्हणाली. "इथे माझी मुलगी राहायची."

बाईने दोघांकडे पाहिलं. आमच्या आधी कुणी तरी राहायचे म्हणतात खरं, म्हणाली. तिने डबा बाजूला केला, फडक्याला हात पुसले, काउंटरमागचं स्टूल पुढे सरकवलं. पण ताई बसली नाही. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, किंवा तिला खरंच हवं होतं म्हणून, बाईने विचारलं, "काय नाव तिचं?"

ताईने नाव सांगितलं. भिंगरी नव्हे; शाळेत घातलेलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, हजेरीत घेतात तसं सबंध नाव. तो तिच्या शेजारी उभा होता आणि ते त्याला आठवत नव्हतं. मेलेल्या भाषेतली हजारो रूपं पाठ असलेला माणूस, आणि हे नाव जणू पहिल्यांदा ऐकत होता. ताईच्या ते लक्षात आलं असावं. ती त्याच्याकडे वळली, आणि त्याच्यासाठी तिने ते पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.